आपण घरी कधी जायचं?

घर बदलणे हा बायकांच्या लेखी सामानाचा प्रश्न असतो आणि पुरुषांच्या लेखी पैशाचा. मुलांच्या लेखी तो कशाचा असतो, हे त्यांना कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते. उलट, विचारायला गेले की मूल जास्तच हट्टाला पेटते, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीपायी माझा चार वर्षांचा मुलगा एका संध्याकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर जाऊन बसला, त्याची ही हकीगत.

गोष्ट १९६७ सालची. गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. लग्न होऊन मी आले ती त्याच खोल्यांत. नणंदेचे लग्न झाले ते चाळीच्या चौकात मांडव घालून. माझा नंदू पाळण्यात निजला तोही तिथल्याच आढ्याच्या कडीला. पुढची खोली, मागची खोली आणि त्यांच्यापुढून गेलेली लांबच लांब गॅलरी. खरे घर म्हणाल तर ती गॅलरी. खोल्या आपल्या निजण्यापुरत्या! पहाटे नळाला पाणी आले की कळश्या-बादल्यांचा खडखडाट, मागोमाग आरेच्या दुधाच्या बाटल्यांची किणकिण, मग कोणाच्या तरी रेडिओवरचे भक्तिसंगीत. नंदूला घड्याळ कळत नव्हते, पण ‘आता खालचे काका दाढी करायला गॅलरीत येणार’ हे तो अचूक सांगे. संध्याकाळी कठड्याच्या गजांतून नाक बाहेर काढून उभा राही आणि गल्लीच्या तोंडाशी हे दिसले की, ‘बाबा आले’ म्हणून ओरडत जिन्याकडे पळे.

हे सगळे आज मी मोठ्या प्रेमाने लिहिते आहे. तेव्हा मात्र मला त्या चाळीचा वीट आला होता. सकाळी संडासासमोर रांग, दुपारी मोरीवर रांग, आणि नवराबायकोने चार शब्द बोलायचे तर तेही कुजबुजून. मला माझा स्वतःचा नळ हवा होता. मनात येईल तेव्हा सोडावा, मनात येईल तेव्हा बंद करावा! शेवटी ह्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढले, जुन्या जागेच्या पागडीचे काही पैसे हाती आले, आणि डोंबिवलीला एका सोसायटीत आमचा ओनरशिपचा ब्लॉक झाला. तेव्हाचे डोंबिवली म्हणजे स्टेशनपासून थोडे चालून गेले की भातखाचरे लागत. गिरगावातले लोक आम्हाला निरोप देताना, आम्ही काशीला निघाल्यासारखे डोळे पुसत होते.

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. नंदूची त्या धावपळीत अडचण नको, आणि त्यालाही त्रास नको, म्हणून त्याला पंधरा दिवस आधीच पुण्याला मामाकडे धाडून दिले. तो परत येईल तो थेट नव्या घरात! केवढी गंमत वाटेल त्याला, असे आम्ही दोघे एकमेकांना सांगत होतो. आता कळते, ती गंमत आमच्या सोयीची होती. चार वर्षांच्या मुलाच्या पाठीमागे आम्ही त्याचे घर मोडले.

त्यातच मी आणखी एक उद्योग केला. बांधाबांध चालली असताना दारावर बोहारीण आली. जुन्या साड्या, ह्यांचा विरलेला कोट, असे बरेच काढून दिले आणि एका मोठ्या स्टीलच्या डब्यावर घासाघीस सुरू झाली. बोहारीण काही डबा सोडीना. “बाई, वर आणखी एक काहीतरी टाका,” म्हणाली. हाताशी नंदूची गोधडी होती. सासूबाईंनी आपल्या दोन जुन्या लुगड्यांची शिवलेली. तिच्या एका कोपऱ्याचे टाके उसवून चिंधी लोंबत असे, आणि ती चिंधी बोटाला गुंडाळल्याशिवाय नंदूला झोप येत नसे. मला ती नव्या ब्लॉकात डोळ्यांना खुपली असती. मी ती उचलून बोहारणीच्या ढिगावर टाकली. सासूबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या.

मामा नंदूला घेऊन आला तो दुपारी. पहिले तीन-चार तास पोर नुसते हरखून गेले होते. नळ सोड, नळ बंद कर. दिव्याचे बटण खाली, बटण वर. या खोलीतून त्या खोलीत धाव. मी ह्यांच्याकडे पाहून हसलेसुद्धा. दिवेलागणीला मात्र त्याने आपल्या चपला शोधून पायात घातल्या आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“चल ना आई. आता घरी जाऊ.”

“अरे, हेच आपलं घर!”

“हे नाही. आपलं.”

त्या रात्री त्याने गोधडी मागितली. मी नवी कोरी रजई पुढे केली, ती त्याने पायाने ढकलली. गोधडी कुठे आहे, म्हणून विचारू लागला. मी दिवसभराची दमलेली. म्हटले, “तिकडं राहिली रे. आणू हं पुढं कधीतरी.” खोटे बोलायला मुद्दाम विचार करावा लागतो असे थोडेच आहे? ते आपले आपण जिभेवर येते, विशेषतः लहान मुलांशी बोलताना.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच प्रश्न. “आपण घरी कधी जायचं?” मी कधी समजूत घालीत असे, कधी चॉकलेट देत असे, कधी रागावत असे. शेजारच्या काकू म्हणाल्या, “मुलं काय हो, मांजरासारखी. दहा दिवस ओरडतात, मग रुळतात.” (काकूंना मांजराची माहिती कमी होती. मांजर माणसांपेक्षा घराला धरून असते, हे पुढे त्यांच्याच मांजराने दाखवून दिले. पण ती वेगळी गोष्ट.)

जून लागला. एके दिवशी मी कणीक भिजवीत होते, आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आणि नंदूचा आवाज आला.

“आता कुठं आलो आजी?”

“जिन्याशी आलो. कठडा धर. किती पायऱ्या?”

“बावीस.”

“आणि अकरावी?”

“करकरते.”

“मग तिथं हळू पाय टाक. खालच्या काकांची झोप मोडेल. आता गॅलरी आली. नळावर कोण आहे?”

“मावशी. कळशी घासतायत.”

“दार उघडं आहे का आपलं?”

“उघडंय.”

“मग आत चल. देवाजवळ दिवा लावू.”

आणि दोघे उठून देव्हाऱ्याशी आली, सासूबाईंनी निरांजन लावले, नंदूने हात जोडून ‘शुभं करोति’ म्हटले. ती गिरगावातून निघून आमच्या डोंबिवलीच्याच देव्हाऱ्याशी पोचत होती, हे माझ्या लक्षात आले नाही. माझ्या लक्षात एवढेच आले की सासूबाई रोज त्याच्या जखमेची खपली काढीत आहेत.

रात्री तो निजल्यावर मी बोलले. “आई, तुम्हीच त्याला रोज चाळीत नेलंत, तर तो इथं रुळायचा कसा?”

सासूबाई माझ्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं.”

एवढेच. चाळीस वर्षे त्या खोल्यांत काढलेल्या बाईने नव्या ब्लॉकातल्या सुनेला दिलेले ते उत्तर होते. तेव्हा मला ते फार समजूतदारपणाचे वाटले.

खेळ बंद झाला. आणि काय सांगावे, नंदू खरोखरच रुळला! घरी जायचे नाव काढीना. वाढलेले निमूट जेवू लागला. इमारतीतल्या बायका म्हणत, “किती शहाणं बाळ तुमचं! आवाज म्हणून नाही.” मला धन्य वाटे. भाद्रपदात सासूबाईंच्या मनात होते, चाळीच्या गणपतीला एकदा जाऊन यावे. मी म्हटले, कशाला, आता कुठे बसलेली घडी पुन्हा विसकटेल. त्या पुन्हा “बरं” म्हणाल्या.

काही गोष्टी दिसत होत्या, पण त्यांची मला बेरीज करता आली नाही. तो रात्री अंथरूण ओले करू लागला होता. डॉक्टरांनी टॉनिक दिले. बंद दाराला पाठ लावून तासन्‌तास बसे. गॅलरी नाही, त्यामुळे हे कोणत्या बाजूने येतात ते त्याला दिसत नसे. घंटी वाजे आणि एकदम दारात बाबा उभे. आनंदाने पळत जाण्याऐवजी तो दचके. आणि त्याच्या चपला दाराशी न राहता त्याच्या उशाशी असत. मी त्या रोज उचलून जागेवर ठेवी. रोज रात्री त्या पुन्हा उशाशी.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. भाजणी दळून आणायला मी गिरणीत गेले. गिरणीला गर्दी. परत आले तो दार सताड उघडे. सासूबाईंचा डोळा लागलेला. नंदू नाही.

वरचा मजला, खालचा मजला, गच्ची, शेजारची इमारत, सगळे झाले. इमारतीच्या मागे एक विहीर होती. सगळ्या बायका तिच्याकडे पाहत होत्या आणि कोणी बोलत नव्हते. शेवटी मीच गेले आणि वाकून पाहिले. संधिप्रकाशात काळे पाणी आणि त्यात माझे तोंड. आज माझे वय पंचाऐंशी आहे, पुष्कळ गोष्टी विसरते. ते पाण्यातले तोंड विसरलेले नाही.

सात वाजता नेहमीप्रमाणे हे आले. त्यांच्या कडेवर नंदू होता. लोकलमधून उतरून पूल ओलांडताना ह्यांना तो पुलाच्या पायरीवर बसलेला दिसला. पायांत चपला, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत त्याचा पेला, पाटी आणि सासूबाईंची चष्म्याची डबी. “आजीला तिकडं पोथी वाचायला लागेल ना,” म्हणून. ह्यांनी विचारले, “कुठं निघाला होतास?”

“गोधडी आणायला. आई म्हणाली, तिकडं राहिली. किती गाड्या गेल्या बाबा, पण गिरगावची कुठली तेच कळेना.”

मुलाच्या त्या हिशोबात कुठे चूक होती, मला सांगा! लॉरीतून सगळे आले होते. पाटा आला, पिंप आले, ट्रंका आल्या, देवसुद्धा आले. त्याची गोधडी तेवढी राहिली. राहिली म्हणजे ती तिथे आहे. तिथे आहे म्हणजे घर आहे. आणि आणायचे नाव कोणी काढीत नाही, तर मग ज्याची त्याने जाऊन आणावी, हे ओघानेच आले. पाच महिने हे पोर शहाण्यासारखे बसले होते ते रुळले म्हणून नव्हे. ते वाट पाहत होते.

त्या रात्री मी त्याला जवळ घेऊन खरे सांगितले. गोधडी तिकडे नाही. मी ती बोहारणीला दिली. ती आता मिळणार नाही. सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. तो काही वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने मला मारायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, जोरजोराने. हे पुढे आले, पण सासूबाईंनी हातानेच ‘थांबा’ म्हणून खूण केली. मारून मारून थकल्यावर तो रडला. नव्या घरात आल्यापासून तो असा एकदाही रडला नव्हता, हे मला तेव्हा उमगले. त्या रात्री त्याच्या चपला दाराशीच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मीच ओले हात पुसत बाहेर आले आणि म्हटले, “आई, आज मीही येते तुमच्याबरोबर. कुठवर आलात?” सासूबाई नंदूला म्हणाल्या, “हिला अकरावी पायरी दाखव रे.”

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही चौघेही गिरगावात गेलो. दादरला गाडी बदलून चर्नी रोड. जाऊ नका, पोर तिथून हलायचे नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटले. मलाही धास्ती होतीच. नंदूने माझा हात सोडला आणि मोठ्याने मोजत जिना चढला. अकरावी पायरी करकरली तेव्हा त्याने मागे वळून आजीकडे पाहिले. सासूबाईंनी मान हलवली. आपली आठवण खरी आहे, आपण खोटे बोलत नव्हतो, याची ती साक्ष होती. मोठ्या माणसालासुद्धा कधीकधी एवढेच हवे असते.

आमच्या खोलीचे दार नव्या बिऱ्हाडाने हिरवे रंगवले होते. आत एक तरुण मुलगी, चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, चहा ठेवीत होती. आमच्याच कडीला पाळणा टांगलेला. तिने आम्हाला मोठ्या अगत्याने बसवले. नंदू पाळण्याजवळ गेला.

“माझा पाळणा इथंच होता.”

“हो का? मग आता हा तुझा भाऊच झाला.”

“रडतो का हा?”

“रात्री रडतो हो फार.”

“त्याला गोधडी आहे?”

“आहे ना. ही काय.”

त्याने ती गोधडी नीट पाहिली, हात लावला नाही. मग चौकटीवर पेन्सिलीने ह्यांनी त्याची उंची मांडून ठेवली होती तिथे जाऊन पाठ लावून उभा राहिला. नव्या रंगाखाली ती रेघ गेली होती. ह्यांनी अंदाजाने बोट ठेवून दाखवले, “एवढा होतास तू.” नळावरच्या मावशींनी त्याच्या हातावर चिवडा घातला, खालच्या काकांनी गाल ओढला. तासाभराने तोच म्हणाला, “चला.”

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. ठाणे गेले, मुंब्र्याचा डोंगर दिसू लागला. एकदम म्हणाला, “आई, आपल्या घरी किल्ला कुठं करायचा?”

मी ह्यांच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर दोघांचीही डब्यात शोभा झाली असती.

किल्ला इमारतीच्या मागच्या अंगणात झाला. विहिरीपासून लांब, हे मी बजावले होते. भातखाचरातली काळी चिकण माती, फुटक्या विटा, गोणपाट, वर अळीव पेरलेले. माती कालवायला म्हणून आलेली इमारतीतली सात-आठ मुले मग घरात पाणी प्यायला येऊ लागली, आणि आमचे दार दिवसा उघडे राहू लागले. नंदूच्या किल्ल्याला तटाशेजारी काड्यापेट्यांची एक लांबलचक गॅलरी होती. शिवाजी महाराजांच्या गडाला गॅलरी नसते, असे एका मोठ्या मुलाने सांगून पाहिले. नंदू म्हणाला, “मावळ्यांना कोण आलं ते दिसायला नको?” गॅलरी राहिली.

सगळे छान झाले असे मात्र नाही. सासूबाईंनी मागाहून त्याला दुसरी गोधडी शिवून दिली, मुद्दाम एक कोपरा उसवून. तो ती पांघरीत असे, पण चिंधी बोटाला त्याने पुन्हा कधी गुंडाळली नाही. ती जागा रिकामीच राहिली, आणि ती मी रिकामी केली होती.

पुढे नंदू शाळेत गेल्यावर मी बालवाडीच्या शिक्षिकेचे शिक्षण घेतले आणि पुष्कळ वर्षे डोंबिवलीतच बालवाडी चालवली. त्या शिक्षणात जेम्स रॉबर्टसन नावाच्या एका गृहस्थांच्या फिल्मबद्दल वाचायला मिळाले. १९५२ सालची इंग्लंडातली फिल्म. दोन वर्षांच्या एका मुलीला शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात ठेवलेले. तिथल्या रीतीप्रमाणे आई जवळ राहू शकत नव्हती. इस्पितळातल्या माणसांची समजूत अशी, की मूल आधी रडते, मग गप्प होते, म्हणजे रुळले. रॉबर्टसनांनी तेच गप्प होणे कॅमेऱ्यासमोर ठेवले आणि दाखवले, की पोर रुळलेले नाही, त्याने आशा आवरून धरली आहे. पुष्कळ डॉक्टरांना त्या वेळी त्यांचा राग आला. पण हळूहळू तिकडच्या इस्पितळांचे दरवाजे आईबापांना उघडे झाले. मी ते वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. दाराला पाठ लावून बसलेला नंदू मला दिसत होता.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले शाळेत येईनात. ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मला वाटते, मुलांच्या दुःखाचेही तसेच आहे. ते आपल्याकडे चालत येत नाही. आपल्याला तिथवर जावे लागते. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी बावीस पायऱ्या चढून जात होत्या, आणि त्यांनी ताराबाईंचे नावही ऐकले नव्हते.

त्या वर्षांत डोंबिवलीत सारखी नवी बिऱ्हाडे येत होती. दादर, परळ, गिरगाव. बालवाडीत नवे मूल कोपरा धरून बसले की मी त्याला नाव विचारीत नसे. “तुमच्या जुन्या घरी जिन्याला किती पायऱ्या होत्या ग?” असे विचारी. काहींच्या आया नाराज होत. बाई उगाच आठवण काढतात, म्हणत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण हेच वाक्य माझ्या तोंडचे होते. एवढे मात्र सांगे, की सामान हलवताना पोराला मामाकडे पाठवू नका. त्याचे बोचके त्यालाच बांधू द्या, त्याच्या हातात द्या, आणि नव्या घरी भांडी लागायच्या आधी ते सोडा. जुने कापड फाटके असेल तर फाटकेच येऊ द्या. बाप कुठल्या रस्त्याने येतो, तो रस्ता त्याला एकदा पायी दाखवा. आणि निघताना जुन्या घराच्या भिंतींना त्याला हात लावायचा असेल, तर लॉरीवाल्याला पाच मिनिटे थांबवा. लॉरीवाला थांबतो. त्याच्याही घरी पोरे असतात.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या त्या अठ्ठावन्न वर्षांच्या इमारतीचे रिडेव्हलपमेंट निघाले. सोसायटीतली सगळी बिऱ्हाडे भाड्याच्या जागांत पांगली. आम्ही डोंबिवलीतच, पण अकराव्या मजल्यावर. हे जाऊन बारा वर्षे झाली. नंदू बासष्ट वर्षांचा आहे, निवृत्त झाला. त्याची नात, म्हणजे माझी पणती चिऊ, चार वर्षांची.

चिऊच्या बाबतीत आम्ही काही चुकलो नाही. तिने स्वतःचे बोचके बांधले. त्यात एक भोके पडलेला टॉवेल होता, त्याला कोणी बोट लावले नाही. निघायच्या दिवशी तिने सगळ्या नळांना टाटा केले. नव्या जागेत पहिल्या रात्री ती घोरत पडली. मुलीचा प्रश्न मिटला म्हणून घरात सगळ्यांना हुश्श झाले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळी मी खुर्चीत बसले होते. अकराव्या मजल्यावर खालचे आवाज येत नाहीत. भाजीवाला नाही, घंटी नाही, काही नाही. चिऊ खेळता खेळता थांबली आणि माझ्या पायांकडे पाहू लागली.

“मोठी आजी, तू बाहेर चाललीस?”

मी पाहिले. माझ्या पायांत चपला होत्या. केव्हा घातल्या, देव जाणे!

“नाही ग,” मी म्हटले. “घरी कधी जायचं, एवढंच बघत होते.”

ती माझ्या मांडीवर चढून बसली. जुनी इमारत तोवर पाडायला घेतली होती. मी तिला म्हटले, “चल, आपण जिन्याशी जाऊ. किती पायऱ्या होत्या?” तिला सांगता येईना, इतकी वर्षे चढून मलाही येईना. मग मी तिला माझ्या ठाऊक असलेल्या जिन्यावर घेऊन गेले. बावीस पायऱ्या, अकरावी करकरते. पुढे गॅलरी. खालचे काका दाढी करतायत. नळ उजव्या हाताला...

“डाव्या,” आतल्या खोलीतून नंदूचा आवाज आला. “नळ डाव्या हाताला होता, आई.”